सूर्यावरचे डाग आणि आपले डोळे

मे २०२४ च्या दुसऱ्या आठवड्यात सूर्यबिंबावर एक असा डाग आला होता की तो पाहण्यासाठी दुर्बिणीचीही गरज नव्हती. खगोलशास्त्रज्ञांनी त्याला ३६६४ हा क्रमांक दिला. खरे तर तो एक डाग नव्हता, लहानमोठ्या डागांचा मोठा समूह होता आणि त्याची लांबी पृथ्वीच्या व्यासाच्या सुमारे पंधरा पट, म्हणजे दोन लाख किलोमीटरच्या घरात होती. ग्रहणाचा प्रमाणित चष्मा लावून पाहिले की तेजस्वी चकतीवर काळसर ठिपका स्पष्ट दिसे. १० मेच्या रात्री या समूहातून उठलेल्या सौरवादळाने लडाखमधील हानले येथील आकाश लाल केले आणि तेथील भारतीय खगोलीय वेधशाळेच्या कॅमेऱ्यांनी ती आभा टिपली. दोन दशकांतील सर्वांत तीव्र भूचुंबकीय वादळ ते हेच.

अशा दिवसांत वऱ्हाडातील हौशी खगोलप्रेमींच्या गच्च्या जाग्या होतात. अमरावतीत मराठी विज्ञान परिषदेची शाखा आहे, अकोल्यात विश्वभारती विज्ञान केंद्र आहे. ग्रहणे, उल्कावर्षाव, शून्य सावलीचा दिवस अशा घटनांची माहिती या मंडळींकडून वृत्तपत्रांमार्फत आपल्या घरी पोचत असते. यांपैकी कोणाचाही हा पोटापाण्याचा व्यवसाय नाही. कोणी शिक्षक असतो, कोणी बँकेतून किंवा वीज मंडळातून निवृत्त झालेला. रात्रीच्या आकाशाला शहराच्या दिव्यांनी ग्रासले आहे, पण सूर्याला दिव्यांचा उपद्रव नाही. म्हणून अमरावतीच्या भरवस्तीतूनही सूर्याचे उत्तम वेध घेता येतात. रात्रीचे जागरण नको, थंडीत कुडकुडणे नको, काळोखात जिना चढणे नको. उतारवयाला याहून सोयीचा ताऱ्याचा अभ्यास दुसरा नाही, असे आम्हांला वाटते. अडचण एकच, आणि ती लहान नाही: हाच एक तारा असा आहे की तो पाहताना दृष्टी जाऊ शकते.

प्रथम हे डाग काय असतात ते थोडक्यात पाहू. सूर्याच्या दृश्य पृष्ठभागाचे तापमान सुमारे साडेपाच हजार अंश सेल्सिअस असते. आतील उष्ण वायू उकळत्या पाण्यासारखा सतत वर येत असतो. काही ठिकाणी चुंबकीय क्षेत्र इतके बळकट होते की ते या उष्ण वायूला वर येऊ देत नाही; तो भाग निवतो, म्हणजे साडेतीन ते चार हजार अंशांपर्यंत उतरतो. आजूबाजूच्या झळाळीपुढे तो काळा भासतो, एवढेच. डाग वेगळा काढून आकाशात टांगता आला तर तोही डोळे दिपवील. सूर्य स्वतःभोवती फिरत असल्यामुळे पूर्वेकडील कडेला उगवलेला समूह साधारण तेरा-चौदा दिवसांत पश्चिमेकडील कडेआड जातो, आणि टिकला तर पुढील फेरीत पुन्हा दर्शन देतो. ३६६४ हा समूह असाच मेच्या अखेरीस परतला. तेव्हा त्याला ३६९७ हा नवा क्रमांक मिळाला.

आता वऱ्हाडातील एका जुन्या गोष्टीकडे वळू. मुंबई-नागपूर लोहमार्गावर धामणगाव आणि पुलगाव यांच्या दरम्यान तळणी नावाचे छोटे स्थानक आहे. जलद गाड्या तेथे थांबत नाहीत आणि खिडकीशी बसलेल्या प्रवाशाचेही त्याकडे लक्ष जात नाही. २२ जानेवारी १८९८ रोजी खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा कोकणातील विजयदुर्गापासून ईशान्येकडे सरकत वऱ्हाडावरून गेला. विजयदुर्गावर नॉर्मन लॉकियर आपल्या पथकासह आले होते, करमाळ्याजवळील जेऊर येथे पुण्याचे प्राध्यापक कावसजी नायगमवाला यांनी तळ दिला होता आणि तळणीला ब्रिटिश ॲस्ट्रॉनॉमिकल असोसिएशनची एक तुकडी उतरली होती. मुंबईत त्या वेळी प्लेगची दुसरी लाट चालू होती, हे लक्षात घेतले म्हणजे या मंडळींच्या हौसेची कल्पना येते.

ही संस्था १८९० साली मुख्यतः हौशी निरीक्षकांसाठी स्थापन झाली होती आणि स्त्रियांनाही तिचे दार उघडे होते. तळणीच्या तुकडीत वॉल्टर माँडर आणि त्यांच्या पत्नी ॲनी माँडर हे दांपत्य होते. वॉल्टर ग्रीनिच वेधशाळेत सूर्यडागांची छायाचित्रे घेण्याचे आणि मोजण्याचे काम पाहत. ॲनी यांनी केंब्रिजच्या गर्टन महाविद्यालयात गणिताचे शिक्षण घेतले होते आणि १८९१ पासून त्याही तेथेच, अगदी तुटपुंज्या वेतनावर, तेच काम करीत. १८९५ साली विवाह झाला आणि विवाहित स्त्रीला सरकारी नोकरीत स्थान नाही या तेव्हाच्या नियमापायी त्यांना वेधशाळा सोडावी लागली. म्हणजे तळणीच्या माळावर उतरलेल्या ॲनी माँडर या कागदोपत्री निव्वळ हौशी निरीक्षक होत्या. जवळ एक लहान कॅमेरा, त्याचे भिंग जेमतेम दीड इंचाचे. खग्रास स्थिती टिकणार सुमारे दोन मिनिटे. तेवढ्या अवधीत त्यांनी सूर्याच्या प्रभामंडळातून निघालेल्या एका किरणाचे छायाचित्र घेतले. त्या किरणाची लांबी जवळजवळ एक कोटी किलोमीटर भरली. प्रभामंडळाचा इतका लांबवर पसरलेला किरण तोवर कोणाच्याही छायाचित्रात आला नव्हता. मोठमोठ्या वेधशाळांची अवजड साधने त्या दिवशी याच पट्ट्यात इतरत्र उभी होती, हे विसरता येत नाही.

पुढे १९०४ मध्ये या दांपत्याने सूर्यडागांचा एक आलेख सिद्ध केला. अकरा वर्षांच्या चक्रात डाग आरंभी सूर्याच्या विषुववृत्तापासून दूर उमटतात आणि हळूहळू विषुववृत्ताकडे सरकत येतात. आलेखावर ही आकृती पंख पसरलेल्या फुलपाखरांच्या रांगेसारखी दिसते. ती रेखाटण्याचे काम घरी, संध्याकाळच्या वेळी चालले होते: एकाने आकडे वाचून दाखवावेत, दुसऱ्याने रेघा ओढाव्यात. साधारण आठवडाभर हा उद्योग झाला. सूर्याच्या अभ्यासाच्या प्रत्येक पुस्तकात आजही ते चित्र असते. रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने १८९२ मध्ये ॲनी यांना नाकारलेले सदस्यत्व १९१६ मध्ये दिले, तेव्हा त्या अठ्ठेचाळीस वर्षांच्या होत्या.

तळणीच्या त्याच तुकडीत जॉन एव्हरशेड होते. दिवसा नोकरी आणि उरलेल्या वेळात सूर्य, असा त्यांचा क्रम. तळणीला त्यांनी ग्रहणकाळातील सूर्यकडेचे वर्णपट टिपले. काही वर्षांनी ते तमिळनाडूतील कोडाईकनाल सौर वेधशाळेत रुजू झाले आणि १९०९ मध्ये त्यांनी तेथे शोध लावला की डागातील वायू केंद्राकडून कडेकडे वाहत असतो. १९२३ मध्ये निवृत्त होऊन ते मायदेशी परतले आणि घरीच वेधशाळा उभारून सूर्याकडे लक्ष ठेवीत राहिले. त्यांना ब्याण्णव वर्षांचे आयुष्य लाभले.

या क्षेत्रात म्हातारपण आड येत नाही, याचे सर्वांत ठळक उदाहरण मात्र हाइनरिक श्वाबे यांचे आहे. जर्मनीतील डेसाऊ गावचे हे औषधविक्रेते. बुधाहून आत एखादा ग्रह असेल तर तो सूर्यबिंबावरून जाताना सापडेल, या आशेने १८२६ पासून त्यांनी रोज सूर्य पाहायला प्रारंभ केला. ग्रह नव्हताच, तो सापडला नाही. पण सतरा-अठरा वर्षांच्या टिपणवह्या चाळताना त्यांच्या ध्यानात आले की डागांची संख्या साधारण दहा वर्षांच्या आवर्तनाने वाढते आणि घटते. सूर्यचक्राचा शोध हा असा एका दुकानदाराच्या वहीतून लागला. पुढे झुरिकच्या रुडॉल्फ वोल्फ यांनी डाग मोजण्याची सोपी रीत घालून दिली: डागांच्या समूहांची संख्या दहाने गुणावी आणि तीत सुटे डाग मिळवावेत. तीन समूह आणि त्यांत मिळून सतरा डाग असतील तर त्या दिवसाचा अंक ४७. जगभरातील हौशी निरीक्षकांनी काढलेले असे अंक आजही बेल्जियममधील ब्रुसेल्स येथे एकत्र केले जातात. वही, पेन्सिल, कंपासपेटीतील कर्कटक आणि रोजची दहा मिनिटे एवढ्यावर हे काम चालते. शब्दकोड्यांनी मेंदूला चालना मिळते असे आपण ऐकतो. आम्ही शब्दकोड्यांच्या विरोधात नाही, पण ही वही भरणे अधिक रंजक आहे.

वऱ्हाडात प्रत्यक्ष छायाचित्रण कसे होते? साठ-ऐंशी मिलिमीटर भिंगाची साधी दुर्बीण किंवा सहा इंची आरशाची दुर्बीण तिवईवर बसवतात. दुर्बिणीच्या पुढील तोंडावर, म्हणजे सूर्याकडील बाजूवर, चंदेरी सौरपटलाचे झाकण घट्ट बसवतात. त्यातून प्रकाशाचा जेमतेम लाखावा भाग आत जातो. नेत्रिकेशी मोबाइल धरून किंवा कॅमेरा जोडून अनेक छोट्या चित्रफिती घेतल्या जातात, कारण तापलेल्या हवेच्या लाटांमुळे प्रतिमा थरथरत असते. शेकडो चौकटींतून स्वच्छ तेवढ्या निवडून संगणकावर एकावर एक रचल्या की डागाचा काळा गाभा आणि भोवतीची करडी, तंतुमय झालर स्पष्ट होते. गच्चीचा स्लॅब तापण्यापूर्वीची सकाळची वेळ यासाठी उत्तम. दुर्बिणीवरील छोटी शोधक दुर्बीण झाकलेली आहे ना, हे अनुभवी माणूस दर वेळी हाताने चाचपून पाहतो. नेत्रिकेच्या बाजूला बसवायची जी लहान काळी काच काही जुन्या दुर्बिणींसोबत मिळते, ती सरळ कचऱ्यात टाकावी. एकवटलेल्या उन्हाने ती क्षणात तडकते आणि मागे डोळा असतो.

आता डोळ्यांविषयी सविस्तर लिहायला हवे. सूर्याकडे उघड्या डोळ्यांनी पाहिले की डोळ्याचे भिंग तो प्रकाश दृष्टिपटलाच्या मध्यबिंदूवर एकवटते. वाचणे, सुईत दोरा ओवणे, समोरच्याचा चेहरा ओळखणे हे सर्व याच बिंदूच्या आधारे चालते. तेथील पेशींमध्ये प्रकाशामुळे रासायनिक इजा होते आणि दृष्टिपटलाला वेदनेची जाणीव नसल्यामुळे त्या वेळी काहीच दुखत नाही. काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी सकाळी, नजरेच्या मधोमध धूसर ठिपका दिसू लागतो, सरळ रेषा वाकड्या भासतात, रंग फिके वाटतात. यावर खात्रीचा उपचार नाही. बऱ्याच जणांची दृष्टी आठवडे-महिन्यांत सुधारते, काहींच्या बाबतीत तो ठिपका कायम राहतो.

गॅलिलिओ सूर्य पाहून आंधळा झाला, ही कथा आपण शाळेत ऐकलेली असते. ती खरी मानण्याचे कारण नाही. तो सूर्याची प्रतिमा दुर्बिणीतून कागदावर पाडून डाग रेखाटीत असे. त्याची दृष्टी गेली ती सत्तरी ओलांडल्यावर, आणि मोतीबिंदू व काचबिंदू हीच त्याची संभाव्य कारणे सांगितली जातात. न्यूटनची गोष्ट मात्र खरी आहे आणि अधिक उपयोगाची आहे. तरुणपणी त्याने आरशातील सूर्याचे प्रतिबिंब टक लावून पाहिले आणि नंतर डोळ्यांपुढील सूर्य हटेना, तेव्हा त्याला तीन दिवस अंधाऱ्या खोलीत काढावे लागले. आपल्याकडे परातीतील पाण्यात किंवा शेणकाल्यात ग्रहण पाहण्याची रीत होती. ती निर्धोक नाही, हे न्यूटनच्या अनुभवावरून कळावे. काजळी धरलेली काच, जुनी क्ष-किरण फिल्म, सीडी, दोन-तीन गॉगल एकावर एक हे सारे उपाय प्रकाश कमी करतात खरे, पण अदृश्य उष्ण किरणांना पुरेसे अडवीत नाहीत. उलट चकाकी कमी झाल्याने आपण अधिक वेळ पाहत राहतो. आयएसओ १२३१२-२ हे मानक पाळणारा, ओरखडा किंवा छिद्र नसलेला चष्मा, अथवा वेल्डिंगची १४ क्रमांकाची काच एवढेच विश्वासाचे. हा चष्मा घालून द्विनेत्री किंवा दुर्बिणीतून पाहणे तर कधीच नको.

ज्येष्ठांच्या बाबतीत काही गोष्टी विशेष आहेत. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत बसवलेली आजची कृत्रिम भिंगे बहुधा अतिनील किरण अडवतात. त्यामुळे ‘माझ्या डोळ्यांत आता फिल्टरच आहे’ असा विनोद ऐकू येतो. तो विनोदच राहू द्यावा, कारण दृश्य प्रकाश आणि उष्ण किरण त्या भिंगातून निर्वेध आत जातात. जुन्या पद्धतीने शस्त्रक्रिया होऊन भिंगच नसलेले, जाड काचेचा चष्मा वापरणारे आजी-आजोबा अजून खेड्यांत भेटतात. त्यांच्या दृष्टिपटलाला तर नैसर्गिक आडोसाही उरलेला नसतो. दृष्टिपटलाचा वार्धक्यजन्य ऱ्हास किंवा मधुमेहामुळे झालेला विकार असेल तर थेट पाहण्याच्या वाटेला न जाता भिंतीवरील प्रतिमाच पाहावी. टेट्रासायक्लिन वर्गातील प्रतिजैविकांसारखी काही औषधे प्रकाशाविषयीची संवेदनशीलता वाढवतात. औषध स्वतःहून बंद करू नये, नेत्रतज्ज्ञांना विचारावे.

सोबत असणाऱ्यांनी डोळ्यांइतकीच पायांची काळजी घ्यावी. सौरचष्मा लावला की सूर्याखेरीज काहीही दिसत नाही. कठडा नाही, पायरी नाही, पाण्याची नळी नाही. मान वर करून उभे राहिल्याने चक्कर येणारे अनेक जण असतात. म्हणून आधी खुर्चीवर बसवावे, मग खाली पाहत चष्मा लावू द्यावा, मग मान वर. पुन्हा खाली पाहूनच चष्मा काढावा. काही सेकंद पाहणे पुष्कळ झाले. डाग पळून जात नाही. नंतर दोन दिवस, एक डोळा झाकून दुसऱ्याने भिंतीवरील कॅलेंडरच्या चौकटी पाहायला सांगावे. रेषा वाकड्या वाटल्या किंवा एखाद्या तारखेच्या जागी धूसर डाग आला तर वाट न पाहता नेत्रतज्ज्ञ गाठावा.

अंथरुणाला खिळलेल्या माणसालाही सूर्य दाखवता येतो, आणि ही युक्ती आम्हांला सर्वांत प्रिय आहे. एक छोटा सपाट आरसा घ्यावा. जाड कागदाला सुमारे पाच मिलिमीटरचे भोक पाडून तो कागद आरशावर चिकटवावा. आरसा अंगणात किंवा खिडकीत उन्हात ठेवून त्याचा कवडसा अंधाऱ्या केलेल्या खोलीतील पांढऱ्या भिंतीवर सोडावा. आरशापासून भिंत दहा मीटर दूर असेल तर सुमारे नऊ सेंटिमीटरचे गोल सूर्यबिंब उमटते. भोकाचा आकार कसाही असो, बिंब गोलच येते, कारण ती भोकाची नव्हे, सूर्याची प्रतिमा असते. लहान डाग यात हरवतात. पण ३६६४ सारखा समूह असेल तर मळकट ठिपक्यासारखा दिसतो; आणि तो डाग सूर्याचाच आहे की भिंतीचा, हे आरसा किंचित हलवला की कळते. कोणाच्याही डोळ्यांवर थेट कवडसा जाणार नाही, एवढे पाहावे. बिंब भिंतीवरून सावकाश सरकत राहते. पृथ्वी फिरत असल्याचे ते चिन्ह पलंगावरून पाहता येते.

सौरवादळाच्या बातम्यांबरोबर भ्रमणध्वनीवर भीतीदायक संदेशही येतात: रक्तदाब वाढेल, हृदयविकाराचा झटका येईल, पेसमेकर बंद पडेल. येथे मुंबईची एक नोंद कामी येते. १ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन यांना डागांचे रेखाटन करताना सूर्यावर प्रखर ज्वाला दिसली आणि दुसऱ्या दिवशी कुलाबा वेधशाळेतील उपकरणाने चुंबकीय क्षेत्रात सुमारे १६०० नॅनोटेस्लाची घट नोंदवली. ज्ञात सौरवादळांत हे अग्रगण्य मानले जाते. तारायंत्रे बिघडली, पण माणसे दगावल्याची नोंद नाही. मे २०२४ मधील घट ४०० नॅनोटेस्लाच्या आसपास होती, तर आपल्या भागातील पृथ्वीचे स्वतःचे चुंबकीय क्षेत्र चाळीस हजारांहून अधिक नॅनोटेस्लाचे आहे. म्हणजे फरक शंभरातील एका भागाचा. घरातील फ्रिजच्या दारावरील चुंबक याच्या कितीतरी पट बलवान असते. सौरवादळाच्या किरणांपासून जमिनीवरील माणसाचे रक्षण वातावरण आणि चुंबकीय क्षेत्र करतात. सौरवादळे आणि हृदयविकार यांचा संबंध आकडेवारीतून शोधण्याचे प्रयत्न झाले आहेत, परंतु कार्यकारणभाव सिद्ध झालेला नाही. काळजी करायचीच तर उपग्रहांची, विमानांच्या संदेशवहनाची आणि वीजवाहिन्यांची करावी. ते काम पाहायला आदित्य-एल१ हे भारतीय यान जानेवारी २०२४ पासून आपल्या जागी तैनात आहे.

वऱ्हाडात सूर्याचा धोका आहे तो वेगळाच. त्याच मेच्या अखेरीस अकोल्याचा पारा ४५ अंशांपुढे गेला आणि जिल्हाधिकाऱ्यांना कलम १४४ लागू करून दुपारच्या कामांवर बंधने घालावी लागली. डाग त्याला कारणीभूत नव्हते. डाग असोत वा नसोत, वऱ्हाडचा मे असाच असतो. म्हणून उन्हाळ्यात वेध घ्यायचे ते सकाळी नऊच्या आत, डोक्यावर पांढरा रुमाल बांधून, जवळ पाण्याचा तांब्या ठेवून. उगवतीचा सूर्य सौम्य लालसर दिसतो म्हणून चष्म्याविना पाहू नये. रक्तदाबाची, लघवी वाढवणारी औषधे घेणाऱ्यांनी उन्हात पाच-दहा मिनिटांहून अधिक थांबू नये. तेवढ्यात रेखाटनही होते.

सध्याचे पंचविसावे सौरचक्र २०२४ च्या उत्तरार्धात शिखरावर पोचले. आता उतार असला तरी उतरणीच्या वर्षांतही मोठे डाग येत राहतात. २ ऑगस्ट २०२७ रोजी दुपारनंतर महाराष्ट्रातून खंडग्रास सूर्यग्रहण दिसण्याजोगे आहे. पावसाळ्याचे दिवस, ढगांचा भरवसा नाही. तोवर चांगला सौरचष्मा आणून तो कागदी पाकिटात, कपाटातील पुस्तकात सपाट ठेवावा. वापरण्यापूर्वी घरातील दिव्यापुढे धरून पाहावा: साधा दिवा त्यातून दिसता कामा नये, आणि प्रकाशाचा एखादा टिंबही दिसला तर तो चष्मा कात्रीने कापून टाकावा.